रात्री साडेअकराला सात जण थांबलेत म्हणे

ओसरी

नमस्कार मंडळी. धागा तंत्रज्ञानात टाकावा की पालकत्वात ते ठरेना, म्हणून गप्पांमध्ये टाकते आहे.

मुलगा २४ वर्षांचा. घरूनच नोकरी करतो, विजेचं बिल भरतो, सिलिंडर लावतो, सकाळी वेळेवर उठतो. म्हणजे हा 'मुलगा बिघडला, काय करू' असा धागा नाही, तेव्हा तसे प्रतिसाद नकोत. पण मंगळवारी आणि गुरुवारी रात्रीचे साडेअकरा वाजले की कानाला हेडफोन लागतो आणि खोलीचं दार बंद होतं, ते दोनला उघडतं. 'फायनल फँटसी फोर्टीन' नावाचा खेळ आहे. (मला आधी वाटलं, आधीचे तेरा खेळून झाले असतील.)

मागच्या मंगळवारी पुतणीचा साखरपुडा होता, नाशिकरोडला. पंगत बसायलाच साडेदहा झाले. हा पठ्ठ्या मसालेभातावरून उठला, मठ्ठ्याला हातही लावला नाही. "आई, निघतो. सात जण थांबलेत." मोठ्या जाऊबाईंनी माझ्याकडे जे पाहिलं ते अजून विसरले नाहीये.

कुठले सात जण? त्यातल्या एकालाही हा कधी भेटलेला नाही. पैसे मिळतात म्हणावं तर उलट दर महिन्याला जातात. जिंकतात म्हणावं तर भिंतीपलीकडून मला ऐकू येतं, एकाच राक्षसापुढे वीस वीस वेळा मरतात आणि खो-खो हसतात. घरात याचा आवाज दिवसाला चार वाक्यं. तिथे मात्र नुसता धबधबा.

खेळणाऱ्यांनी सांगा, यात मिळतं काय? खरंच विचारते आहे, टोमणा नाही.

दुपारची_झोप

मठ्ठा न पिता उठला हे मात्र चूक. बाकी चालू द्या.

निशाचर४२

ओसरीताई, 'वीस वेळा मरतात आणि हसतात' ही तुमची तक्रार आहे ना, उत्तर तिथेच आहे. जरा लांबण लावतो.

मी २००८ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळायला लागलो. पुण्यात, बीएसएनएलच्या ब्रॉडबँडवर. रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड मोफत असायचं, तो प्लॅन आठवतोय का कुणाला? गेमचा नवा पॅच, म्हणजे सुधारित आवृत्ती, आली की दोनचा गजर लावून उठायचं, डाउनलोड सुरू करायचं आणि परत झोपायचं. सर्व्हर युरोपातला. इथे बटण दाबलं की तिथे पाव सेकंदाहून जास्त उशिराने पोचायचं. महिन्याची वर्गणी १२.९९ युरो, म्हणजे तेव्हाचे आठ-नऊशे रुपये. आईला 'नेटचं बिल' म्हणून सांगितलं होतं.

आमच्या रेडमध्ये २५ जण असायचे. रेड म्हणजे सगळ्यांनी मिळून एका मोठ्या राक्षसावर चालून जाणं. कामं वाटलेली. टँकने समोर उभं राहून मार खायचा, डीपीएसवाल्यांनी मारायचं, हीलरने सगळ्यांना जगवायचं. मी हीलर. आता गोविंदा पथक डोळ्यांसमोर आणा. खालच्या थरातल्या एकाचा गुडघा वाकला की वरचे सगळे खाली. जुलैपासून सराव चालतो, रोज पडतात, रोज हसतात, कोपराला हळद लावून परत उभे राहतात. तिथे 'यात मिळतं काय' असं कुणी विचारत नाही. हंडी फुटते एकदाच, पथकं मात्र दोन महिने जगतात ती त्या पडण्यावर.

आणि दुसरं. कंपनीत तेव्हा मी बेंचवर होतो, म्हणजे नोकरी आहे पण हाताला काम नाही. चार महिने. रोज जाऊन कार्ड स्वाइप करायचं, कँटीनमध्ये बसायचं आणि परत यायचं. आपण आलो काय, न आलो काय, कुणाला फरक पडत नाही, हे रोज आठ तास जाणवणं फार वाईट. रात्री साडेबाराला लॉगिन केलं की आमची म्होरकी, डेन्मार्कमधली ट्रक चालवणारी बाई, म्हणायची, "आला का तो? चला, सुरू करू." माझ्यावाचून २४ जण खोळंबलेत. माझ्यासाठी त्या चार महिन्यांत सगळा फरक त्या एका वाक्याने केला. तलवारी, ड्रॅगन वगैरे नंतर.

दगडी_जातं

लेख छान झालाय, पण गोविंदाला वरून दोर आणि विमा असतो.

मी बँकेतून निवृत्त. भाचा असल्याच खेळात रात्र रात्र असतो, म्हणून थोडं वाचलंय. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. प्रत्येक टोचीला दाणा मिळाला तर पोट भरल्यावर कबुतर थांबतं. पण दाणा कधी मिळतो, कधी नाही, आणि कधी मिळेल त्याचा नेम नाही असं केलं, की ते वेड्यासारखं टोचत राहतं. तुमचे राक्षस मेल्यावर जी तलवार 'पडते', ती दर वेळी पडते का? नाही. शंभरात एकदा. रोज हजेरी लावली की बक्षीस, आठवड्याचं काम वेगळं, आज आला नाहीत तर ते बुडालं. हे कुणीतरी पगार घेऊन आखलेलं आहे. मैत्री वगैरे वरची कोथिंबीर.

आणि रमीत घरं बुडाली ती पाहिलीत ना?

आकाशकंदील

रमी मध्ये आणू नका हो काका. पैसे लावून खेळायचे खेळ आणि हे, यांत कायद्यानेच फरक केलाय. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी आली, बाकीच्यांवर नाही.

दगडी_जातं

मान्य. रमी मागे घेतो. कबुतर मागे घेत नाही.

धुकं

जातंकाका, कबुतराचं खरं आहे, मी नाकारणार नाही. पण मग मला मासेमारीचं उत्तर द्या.

मी ओसरीताईंच्या मुलाचाच खेळ खेळते आणि तीन वर्षांत मोजून दहा राक्षस मारले असतील. मी मासे पकडते. त्यात लिम्सा लोमिन्सा नावाचं बंदर आहे. दर दोन तासांनी तिथून एक होडी सुटते, जास्तीत जास्त २४ जणांना घेऊन. खऱ्या घड्याळाच्या दोन तासांनी बरं का, चुकली की चुकली. होडीत अनोळखी माणसं, कुणी कापडाची टोपी घातलेला, कुणी अस्वलाचा पोशाख केलेला. सगळे गळ टाकून उभे. ढग बदलतात, मध्येच पाण्याचा रंग बदलतो, मग सगळ्यांची एकच धावपळ, कारण तेव्हाच भारी मासे लागतात. कुणी बोलत नाही फारसं. उतरताना कुणीतरी वाकून नमस्कार करतं. मी सिंगापुरात एकटी राहते. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचं नाव मला माहीत नाही. ती होडी म्हणजे माझी साडेसातची लोकल आहे. तेच चेहरे, ओळख नाही, पण एखादा दिसला नाही की वाटतं, बरा असेल ना?

आणखी एक. माझं पात्र सात फुटी दाढीवाला पुरुष आहे. आधीच्या एका गेममध्ये बाईचं पात्र घेऊन माइक चालू केला होता. पहिल्या दहा मिनिटांत जे ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून दाढी. लोक 'वेगळं कुणीतरी होण्यासाठी' खेळतात म्हणतात. माझ्या बाबतीत ते 'मला माझ्यासारखं शांत बसू द्यावं म्हणून' असं आहे.

काजूबोंडू

माका गेममधला काय एक कळणा नाय. पण सोंगाचा कळता, म्हणान लिवतंय. (पुढचं तुमच्या पुण्याच्या भाषेत.)

आमच्या वाडीत वडिलांचे चुलते दशावतारात काम करायचे. दिवसा दुसऱ्याच्या शेतात, रात्री इंद्र. आमच्याकडे म्हणतातच, रात्री राजा आणि सकाळी डोक्यार बोजा, कारण तोच राजा पहाटे पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावच्या जत्रेला चालत निघायचा. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. कथा ठरते, कोण कोण ते ठरतं, बाकी उभ्या उभ्या. समोरचा काय बोलेल ते माहीत नाही, पण तो तुम्हाला पडू देणार नाही एवढा भरवसा. आजोबांना मी विचारलं होतं, राजा झाल्यावर कसं वाटतं. ते म्हणाले, राजा होण्यात काय नाही, पण समोरचा 'महाराज' म्हणतो ना, ते त्याने मनापासून म्हटलं की अंगावर काटा येतो.

एकट्याने आरशासमोर मुकुट घातला तर तो वेडेपणा. समोर दुसरा असला की नाटक. तुमच्या खेळात तो दुसरा खरा माणूस आहे, एवढाच फरक असावा, असा माझा अंदाज.

धुकं

काजूबोंडू, हे वाचून मला माझ्या दाढीचा पहिल्यांदाच अभिमान वाटला.

निशाचर४२

जबरी! यावरून आठवलं. हे सगळं सुरूच झालं ते चित्रांशिवाय. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी 'मड' नावाचा खेळ लिहिला, नुसत्या शब्दांचा. 'तुम्ही एका अरुंद वाटेवर उभे आहात' एवढंच पडद्यावर. बाकी काजूबोंडूंच्या आजोबांसारखं, उभ्या उभ्या.

याच बार्टलने १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले आणि त्यांना पत्त्यांची नावं दिली. चौकटवाले कमावतात, पातळ्या आणि तलवारी. इस्पिकवाले खणत बसतात, हा डोंगर चढता येतो का, त्या भिंतीमागे काय. बदामवाले गप्पा मारायला येतात. आणि किलवरवाले दुसऱ्याचा खेळ उधळायला. मी बदाम आहे. धुकं, तुम्ही पक्क्या इस्पिक.

धुकं

पत्ते जुने झाले. निक यी नावाच्या संशोधकाने ३,००० खेळाडूंना विचारून २००६ मध्ये लिहिलं की हे कप्पे वेगळे नसतात, एकाच माणसात कमाई, माणसं आणि रमणं, तिन्ही कमीजास्त असतात. मी रविवारी इस्पिक, पगार झाला की चौकट (नवे कपडे!).

वाशीचा_अडत्या

पत्त्यांत धंदेवाला कुठेच नाही का? मग मी जोकर.

वडिलांचा वाशी मार्केटला कांदा-बटाट्याचा गाळा. 'ये की गाळ्यावर' म्हणून त्यांनी दहा वर्षं डोकं खाल्लं, मी गेलो नाही. जर्मनीत आलो, आणि इथे काय करतो? 'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळातल्या खेळात जिटा नावाच्या बाजारपेठेत खनिजं घेतो, चार तारामंडळं पलीकडे नेऊन दोन टक्क्यांनी विकतो. वाटेत लुटारू. एक्सेलच्या सात शीट. वडिलांना दाखवलं तर म्हणाले, "हे तर आपलंच आहे, फक्त वास नाही."

आइसलंडच्या कंपनीचा हा खेळ २००३ पासून चालू आहे आणि चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर सगळे एकाच विश्वात खेळतात. म्हणून तिथे इतिहास घडतो. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर फाइव्ह-आर-बी नावाच्या एका तारामंडळात लढाई पेटली. कारण काय, तर एका बाजूचं त्या जागेचं भाडं भरायचं राहिलं! मालकी गेली, शत्रू घुसला, दोन्हीकडून माणसं उठून येत गेली. २१ तास चाललं, साडेसात हजारांवर खेळाडू. इतकी गर्दी झाली की सर्व्हर वाचवायला खेळातला काळच दहापट संथ केला जातो. ७५ टायटन, म्हणजे खेळातली सगळ्यात मोठी जहाजं, फुटली. गेमच्या पैशांचं खऱ्या पैशांत गणित केलं तर तीन लाख डॉलरच्या वर माल राख झाला.

भाडं भरायचं राहिल्याने महायुद्ध. हे कुठल्या लेखकाने लिहिलं असतं तर म्हटलं असतं, काहीही हं! कुणी लिहिलेलं नाही म्हणूनच मी तिथे आहे.

दुपारची_झोप

'फक्त वास नाही'. बाबांना नमस्कार सांगा.

पाचवा_थर

बराच वेळ वाचतोय. सगळं गुलाबी चाललंय, म्हणून थोडं कडू.

दादरला सायबर कॅफेत २० रुपये तास देऊन खेळायचो. एका कोरियन गेमचा भारतासाठी वेगळा सर्व्हर होता. इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष त्यात गेलं. गेलं म्हणजे केटी नाही, वर्षच गेलं. घरी तेव्हा भांडणं चालू होती, कॅफेत नव्हती, इतकं साधं होतं ते. निशाचर म्हणतात 'माझ्यावाचून २४ जण खोळंबलेत'. मलाही तसंच वाटायचं. शेवटी वडिलांनी पैसे बंद केले, मी महिनाभर गेलो नाही. मग लपून एकदा लॉगिन केलं, तर गिल्डच्या, म्हणजे खेळातल्या आमच्या गटाच्या, यादीतून नाव काढलेलं. कारण लिहिलं होतं, निष्क्रिय. दीडशे नावांत एकानेही विचारलं नव्हतं की हा गेला कुठे. वर्ष गेल्याचं मला तितकं लागलं नाही, हे लागलं.

पुढे तो सर्व्हरही बंद झाला. माझा ८४ व्या पातळीचा धनुर्धर आता कुठेच नाही.

दगडी_जातं

हेच म्हणत होतो मी. तरी वाईट वाटलं वाचून. आता काय करता?

पाचवा_थर

आता शिकवतो. वर्गात कुणी दोन दिवस आलं नाही तर फोन करतो. पोरं वैतागतात.

आकाशकंदील

मी ठाण्यात समुपदेशन करते, म्हणून थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' आजारांच्या यादीत घेतलाय, १ जानेवारी २०२२ पासून लागू. पण तास मोजून निदान होत नाही. स्वतःला थांबवता येत नाही, बाकी सगळ्याच्या वर खेळ चढून बसलाय, नुकसान दिसत असूनही चालूच आहे, आणि हे साधारण वर्षभर, असं असेल तर. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत यासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक आहे. ओसरीताईंच्या वर्णनात यातलं काही दिसत नाही. पाचवा_थर यांच्या वर्णनात दिसतं, पण त्यांनी स्वतःच लिहिलंय की आधी घरातली भांडणं होती. माझ्याकडे येणाऱ्यांतही बहुतेकदा क्रम तोच असतो. गेम काढून घेतला की भांडणं तेवढी उरतात.

निशाचर४२

पाचवा_थर, तुमचं नाव काढलं त्या लोकांचा राग आला. आमच्याकडेही असं झालंय. गिल्ड म्हणजे शेवटी गणेश मंडळच. वर्गणी कुणी खाल्ली, तलवार कुणाला मिळाली, फूट पडली, शेजारच्या चौकात दुसरं मंडळ. दीडशे नावांच्या मंडळात कुणी कुणाला शोधत नाही. आठ-दहांच्या टोळीत शोधतात. मी जे लिहिलं ते टोळीबद्दल होतं, हे आता लक्षात येतंय.

धुकं

टोळीवरून सांगते. नॉर्वेत मॅट्स स्टीन नावाचा मुलगा होता. ड्युशेन, म्हणजे स्नायू झिजत जाण्याचा आजार, व्हीलचेअरवर. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये तो इबेलिन नावाने खेळायचा. २०१४ मध्ये तो २५ व्या वर्षी गेला. आईवडिलांना दुःख हे, की पोराला ना मित्र, ना प्रेम, कुणाच्या उपयोगी पडल्याचं समाधानही मिळालं नाही. त्याच्या ब्लॉगचा पासवर्ड त्यांच्याकडे होता, तिथे त्यांनी निधनाची बातमी टाकली. आणि देशोदेशींहून पत्रं यायला लागली. याने कुणाला रात्र रात्र ऐकून घेतलं होतं, कुणाचं मुलाशी तुटलेलं बोलणं परत जुळवून दिलं होतं. अंत्यविधीला त्याच्या गिल्डमधली माणसं परदेशांतून आली. घरच्यांनी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. २०२४ मध्ये त्यावर माहितीपटही आलाय.

ओसरीताई, घाबरवायला नाही सांगत आहे. वडिलांनी नंतर सांगितलं, की रात्री हा जागा असतो म्हणून आम्ही काळजी करायचो, पण तो तिथे काय करतो ते बसून पाहिलं नाही.

दगडी_जातं

ओसरीताई कुठे गेल्या? धागा काढून पसार.

ओसरी

इथेच आहे काका. सगळं वाचत होते. धुकं यांचं वाचल्यावर गुरुवारी मुलाला म्हटलं, मी शेजारी खुर्ची टाकून बसते, काही बोलणार नाही. तो आधी लाजला, मग म्हणाला बस.

आठ जण असतात. हाही हीलरच निघाला, निशाचर. पांढरा झगा, हातात काठी. माझ्या डोळ्यांना सगळं दिवाळीतल्या भुईचक्रासारखं दिसत होतं, कोण कुठे ते कळेना. अकरा वेळा मेले, मी मोजलं. दर वेळी कुणीतरी म्हणायचं 'माझी चूक', आणि बाकीचे म्हणायचे, असू दे, परत. घरात इतक्या वेळा 'माझी चूक' मी लग्नापासून ऐकलेलं नाही.

साडेबाराला पाणी प्यायला थांबले. एक मुलगी आहे, पोलंडची, नर्स आहे. तिने विचारलं, वडिलांच्या गोळ्या बदलून दिल्या का, चक्कर यायची थांबली का. मुलगा इंग्रजीत म्हणाला, हो, आता जिना चढतात. मग एक पोर्तुगालचा म्हणाला, माझ्या बाबांना सहा महिने लागले होते, तू त्यांच्याबरोबर चालायला जातोस ना?

यांची अँजिओप्लास्टी मागच्या दिवाळीत झाली. तेव्हापासून घरात आम्ही तिघं त्यावर एक शब्द बोललेलो नाही. गोळ्यांची डबी भरली का, एवढंच. मला वाटायचं, याच्या मनाला काही लागतच नाही. रोज संध्याकाळी हा यांच्याबरोबर गंगापूर रोडला चालायला जातो, ते मी समजत होते पाय मोकळे करायला.

त्यांना मी खोलीत असल्याचं कळलं तेव्हा सगळ्या बाहुल्या माझ्याकडे तोंड करून वाकल्या. मला काय करावं सुचेना, मीही हात जोडले. त्यांना दिसत नव्हतं हे नंतर लक्षात आलं.

जातंकाका, कबुतराचं मी त्याला विचारलं. म्हणाला, खरं आहे, पण ती तलवार मला मागच्याच महिन्यात मिळाली, तेव्हा मी आता दाण्यासाठी नाही जात.

दगडी_जातं

हं.

यजमानांची तब्येत आता बरी आहे ना?

ओसरी

बरी आहे. येत्या मंगळवारी पुतणीची हळद आहे, तेवढी धावपळ नको म्हणून त्यांना खुर्चीवर बसवून ठेवणार आहे. मुलगा पूर्ण वेळ थांबणार आहे. त्याने गेल्याच आठवड्यात सांगितलं होतं म्हणे तिकडे, सातही जण बुधवारी खेळायला तयार झाले. पोलंडच्या मुलीने त्यासाठी ड्युटी बदलून घेतली.

दुपारची_झोप

मठ्ठा?

ओसरी

दोन वाट्या वाढते त्याला.